युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी इन्क्युबेटरमध्ये जायचंय? मग फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

इन्क्युबेटर म्हणजे नव्या कंपन्यांना सुरुवातीला जागा, लॅब, सल्ला पुरवणारी संस्था. तिथे शिरायचं कसं हे विचारणारे भरपूर भेटतात, पण तिथून काय घेऊन बाहेर पडायचंय हे ठरवून आलेला क्वचितच दिसतो. मी बऱ्यापैकी वेळ अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसलोय त्यामुळे सांगतो, आत जाणं तितकंसं अवघड नसतं. आयडिया बरी असेल, टीम धड असेल तर कुठे ना कुठे नंबर लागतोच. पण वर्षभराने बघावं तर एक टेबल, फुकटचं वायफाय आणि वेबसाइटवर त्यांचा लोगो, एवढंच पदरात पडलेलं असतं, आणि वर त्याच्या बदल्यात कंपनीतले काही टक्के शेअर इन्क्युबेटरला गेलेले. म्हणून सगळं क्रमाने लिहितो, जिथे लोक हमखास अडकतात तिथे जास्त आणि बाकीचं पटापट.

आधी ही संस्था नक्की काय असते ते बघू

आपल्याकडे टीबीआय म्हणजे टेक्नॉलॉजी बिझनेस इन्क्युबेटर हा शब्द रुळला तो केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागामुळे, म्हणजे डीएसटीमुळे. १९८२ मध्ये त्यांनी उद्योजकता विकासासाठी एनएसटीईडीबी नावाचं मंडळ काढलं, मग कॉलेजांच्या आवारात स्टेप नावाचे पार्क आले, नंतर टीबीआय आले आणि २०१६ पासून हे सगळं 'निधी' नावाच्या योजनेच्या छत्रीखाली आलं. याशिवाय नीती आयोगाचे अटल इन्क्युबेशन सेंटर आहेत, बायोटेकवाल्यांसाठी बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेचे बायोनेस्ट नावाचे इन्क्युबेटर आहेत. दारावरची पाटी कुठली हे बघायचं कारण साधं आहे, ज्या खात्याचा पैसा त्या खात्याच्या योजना तिथून मिळतात.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना करार समोर येईपर्यंत माहीतच नसते. इन्क्युबेटर युनिव्हर्सिटीच्या आवारात असला तरी कागदोपत्री तो बहुतेक वेळा वेगळी संस्था असतो, सेक्शन ८ कंपनी (म्हणजे नफा वाटून न घेणारी) किंवा सोसायटी. म्हणजे तुमचा करार होणार त्या संस्थेशी, युनिव्हर्सिटीशी नाही. याचा रोजच्या कामावर परिणाम असा की ब्रोशरमध्ये ज्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो बघून तुम्ही खूश झालात तो बऱ्याचदा डिपार्टमेंटचा असतो, त्याची वेळ डिपार्टमेंट देणार, आणि तिथे पीएचडीची मुलं आधीच रांगेत असतात. इन्क्युबेटरचा मॅनेजर फार तर शब्द टाकू शकतो.

तुमच्यासाठी आहे का हे?

तुमचं काम लॅब, मशीन, टेस्टिंग, सर्टिफिकेशन, एखाद्या विषयातला प्राध्यापक यावाचून अडलंय का? मग नक्की जा. हार्डवेअर, मेडिकल डिव्हाइस, मटेरियल, शेतीतलं तंत्रज्ञान, बायोटेक, यांना कॅम्पससारखी जागा नाही. पण तुमचा धंदा वेबसाइट बनवून द्यायचा, ट्रेडिंगचा किंवा डिजिटल मार्केटिंगचा असेल तर टीबीआयमध्ये घेतीलच असं नाही आणि घेतलं तरी उपयोग काय? फक्त ऑफिस हवंय तर को-वर्किंग घ्या, भाडं द्या आणि मोकळे व्हा, तिथे कोणी तिमाही रिपोर्ट मागत नाही.

पुढे समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा दोघा मित्रांनी कांदाचाळीत बसवायचा सेन्सर बनवायला घेतलाय, ढिगात कुठे कांदा सडायला लागला की हवेतल्या वायूवरून आधीच कळेल असा.

कुठला निवडायचा

लोक नाव बघून निवडतात. मुंबईत पवईला आयआयटी बॉम्बेचं साइन नावाचं इन्क्युबेटर आहे, २००४ पासून चालू, २०२३ मध्ये शेअर बाजारात आलेली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच वाढली. पुण्यात एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, केमिकल, मटेरियल, बायो अशा कामासाठी. सीओईपीमध्ये भाऊ इन्स्टिट्यूट आहे. आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने इन्क्युबेशनसाठी वेगळा संचालकच दिलाय, त्यामुळे तुमच्या जिल्ह्याच्या जवळपासच्या विद्यापीठातही चौकशी करायला हरकत नाही. नाव मोठं असलं की गर्दी पण मोठी, आणि तुमच्या कामाचं मशीन तिथे असेलच असं कुठे आहे?

आमच्या कांदावाल्यांना काय लागतं? गॅस सेन्सर कॅलिब्रेट करायची सोय, थोडं पीसीबीचं म्हणजे सर्किट बोर्डाचं काम, साठवणुकीतलं कळणारा कोणीतरी कृषी शास्त्रज्ञ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाळी. नाशिककडच्या चाळीत आठवड्यातून दोनदा जावं लागणार असेल तर पवईत मिळालेली सीट काय कामाची? त्यापेक्षा जवळचं साधं इन्क्युबेटर परवडलं.

निवडायच्या आधी तीन माणसांशी बोला. एक, सध्या आत असलेला कोणी. दुसरा, बाहेर पडलेला, आणि हा खरं सांगतो कारण याला आता कोणाची भीड नसते. तिसरा, लॅबमधला टेक्निशियन. मॅनेजर सांगेल थ्रीडी प्रिंटर आहे, टेक्निशियन सांगेल की नोझल कधीपासून बंद आहे आणि परचेस ऑर्डर कुठे अडकलीये. मशीनचं लॉगबुक दिसलं तर बघा, शेवटची नोंद कधीची आहे यावरून सगळं कळतं. संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवारी गेट उघडं असतं का, परीक्षेच्या काळात बाहेरच्यांना आत सोडतात का, हेही विचारा, बावळट वाटलं तरी चालेल.

कंपनी आधी की इन्क्युबेटर आधी

इथे घाई नडते. उत्साहात लोक आधी प्रायव्हेट लिमिटेड काढतात आणि मग दीड वर्ष प्रोटोटाइप करत बसतात. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना नव्या कंपन्यांना इन्क्युबेटरमार्फत सुरुवातीचा पैसा देते, तिच्यात अट अशी आहे की अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन २ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी. म्हणजे ज्या दिवशी कंपनी रजिस्टर केली त्या दिवसापासून घड्याळ चालू. उलट डीएसटीच्या निधी प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते आणि तिथे एकटा माणूस, कंपनी नसतानाही अर्ज करू शकतो. त्यामुळे नुसतं स्केच हातात असेल तर आधी प्रयास, जरा चालणारं काही तयार झालं की कंपनी, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता आणि मग सीड फंड, हा क्रम मला तरी शहाणपणाचा वाटतो. डीपीआयआयटीच्या मान्यतेला पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होते, पण प्रोप्रायटरशिप चालत नाही, प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी हवी.

सीड फंडात प्रूफ ऑफ कन्सेप्ट (कल्पना चालते हे दाखवणं), प्रोटोटाइप, ट्रायल यासाठी २० लाखांपर्यंत ग्रँट आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचरच्या (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जरोख्याच्या) रूपात पैसे, असं ते आहे. आणखी एक अट लोक वाचत नाहीत, केंद्र किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त रोख मदत आधी घेतलेली नसावी. स्पर्धेतलं बक्षीस, स्वस्तातली जागा, लॅबचा वापर, फाउंडरला मिळणारा महिन्याचा भत्ता हे त्यात धरत नाहीत. म्हणून कुठली ग्रँट कधी घ्यायची याचा हिशोब कागदावर मांडा. ही योजना २०२१-२२ पासून चार वर्षांसाठी जाहीर झालेली होती, तेव्हा पोर्टलवर सध्या अर्ज घेतायत का ते आधी बघून घ्या. आणि हो, या योजनेत निवडीसाठी किंवा पैसे देण्यासाठी इन्क्युबेटरने कसलीही फी घ्यायची नाही असा नियमच आहे. "फंड काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा कोणी भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

विद्यार्थी किंवा प्राध्यापक असाल तर

२०१९ चं राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण डाउनलोड करून वाचा, फार मोठं नाहीये. त्यात कॉलेजांना सांगितलंय की स्टार्टअप करणाऱ्या मुलांना मेजर प्रोजेक्ट किंवा ट्रेनिंगच्या ऐवजी स्टार्टअपचं काम धरू द्या, परवानगी घेतलेली असेल तर हजेरी कमी भरली तरी परीक्षेला बसू द्या, शिकत असताना कंपनीच्या नोंदणीला कॉलेजचा पत्ता वापरू द्या. पण हे मार्गदर्शक धोरण आहे, तुमच्या विद्यापीठाने ते जसं स्वीकारलं असेल तसंच तिथे चालणार. ऑफिसात जाऊन त्यांची स्वतःची प्रत मागा. तोंडी "होऊन जाईल" वर हजेरी सोडू नका. प्राध्यापक को-फाउंडर असतील तर त्यांच्या परवानगीचं पत्र फाइलला आधी लावा, नंतर त्याच पत्रावरून पुढची गुंतवणूक लटकते.

अर्ज

अर्जात बहुतेक जण देशाच्या समस्येवर दोन पानं लिहितात. वाचणाऱ्याला ती समस्या पाठ असते हो. कांदावाल्यांचा पहिला अर्ज असा असतो, "भारत कृषिप्रधान देश आहे, कांद्याचं प्रचंड नुकसान होतं, आम्ही एआय आणि आयओटी वापरून शेतकऱ्यांच्या जीवनात क्रांती घडवणार". याच्यातून काय कळलं? काहीच नाही. तेच असं लिहिलं तर, "चाळीत ढिगाच्या मधोमध कांदा सडायला लागतो आणि वरून दिसेपर्यंत आजूबाजूचा पण गेलेला असतो. आम्ही ढिगात खोचायची नळी बनवलीये, तिच्यात गॅस सेन्सर आहे. एका चाळीत बसवून पाहिली, धूळ बसून रीडिंग सरकतं. फिल्टर बदलून परत ट्रायल घ्यायचीये आणि कॅलिब्रेशनसाठी तुमची लॅब हवीये." यात अडचण कबूल केलीये म्हणून अर्ज कमजोर झाला असं वाटेल, पण उलट हाच अर्ज वर सरकतो, कारण यांना काय हवंय ते वाचणाऱ्याला लगेच कळलं आणि ते आपण देऊ शकतो का हेही.

बजेटमध्ये गोल आकडे टाकू नका. "कंपोनंट २ लाख" असं लिहिण्यापेक्षा सेन्सर किती, बोर्ड किती, केसिंग किती, टेस्टिंगची फी किती असं लिहा, एखाददोन कोटेशन जोडा. बाकी पिच डेक वगैरे दहाबारा स्लाइडचा पुरे, त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पॅनेलसमोर जायच्या आधी पेटंट

पॅनेलवर चारपाच लोक असतात, एखादा इंडस्ट्रीतला, एखादा गुंतवणूकदार, एकदोन प्राध्यापक. हे सहसा एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही करत नाहीत. आणि डेमो डेला, म्हणजे सगळ्यांसमोर प्रॉडक्ट दाखवायच्या दिवशी, तर हॉल भरून लोक, फोटो, यूट्यूब. आपल्या कायद्यात शोध आधीच सगळ्यांसमोर उघड झाला की पेटंट मिळणं कठीण होतं, काही मोजके अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. म्हणून आधी पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकून ठेवा, एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन सरकारी फी १६०० रुपये, आणि तिथून १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा सगळा तपशील, द्यायचं. हे १२ महिने विसरलात तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, कॅलेंडरवर टाका. पॅनेलला काय होतं ते सांगा, कसं होतं त्याची खोली सांगायची गरज नसते.

प्रश्न मात्र ठरलेले येतात. नोकरी सोडलीये का, कोण पूर्णवेळ आहे? हे बनवलं कोणी, तुम्ही की बाहेरून करून घेतलं? आधीच्या कंपनीत असताना केलेलं आहे का? दोघांत शेअर कसे वाटलेत आणि एकजण उद्या निघून गेला तर? या शेवटच्या प्रश्नाला "आमच्यात तसं काही होणार नाही" हे उत्तर नाही. शेअर चार वर्षांत हळूहळू मिळतील, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काही नाही, असं काहीतरी लेखी करून जा.

करार, आणि इथे खरंच थांबा

निवड झाल्याचा मेल आला की लोक सही करायला पळतात. करार घरी आणा, दोनदा वाचा, एखाद्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा वकिलाला दाखवा.

इक्विटीचं, म्हणजे कंपनीतल्या हिश्श्याचं, बघू. वर सांगितलेल्या २०१९ च्या धोरणात सोयीसुविधांच्या बदल्यात संस्थेने २ ते ९.५ टक्के घ्यावेत असा पल्ला दिलाय. समजा ५ टक्के ठरले आणि तुमच्या कंपनीत १०,००० शेअर आहेत. बरेच जण ५०० शेअर देऊन टाकतात. पण नवे शेअर काढले की एकूण आकडा पण वाढतो ना, ५०० दिले तर ते १०,५०० मधले ५०० म्हणजे पावणेपाचच्या आसपास होतात. बरोबर ५ टक्के बसवायला साधारण ५२७ लागतात. दर्शनी किमतीला, १० रुपयाला एक, म्हणजे इन्क्युबेटर तुम्हाला ५,२७० रुपये देणार आणि ५ टक्क्यांचा मालक होणार. आकडा छोटा वाटतो पण पुढे व्हॅल्युएशन झालं की याच्यावरूनच भांडणं होतात. त्यापेक्षा महत्त्वाचं वाक्य शोधा, हे ५ टक्के पुढच्या गुंतवणुकीत इतरांसारखे कमी होणार की कुठल्यातरी मर्यादेपर्यंत ५ चे ५ च राहणार? तसेच राहणार असतील तर त्यांच्या वाट्याची घट तुमच्या खिशातून जाणार. ती मर्यादा किती यावर बोलता येतं, लोक विचारतच नाहीत. आणि तुम्ही मधेच बाहेर पडलात तर पूर्ण ५ टक्के जाणार की जेवढे महिने राहिलात त्या प्रमाणात, हेही त्यात आलं पाहिजे. सीड फंडाचे पैसे घेणार असाल तर त्याचा कागद वेगळा असतो, दोन्हींची खिचडी करू देऊ नका.

मग आयपी, म्हणजे शोधाची मालकी. त्याच धोरणानुसार संस्थेची साधनं किंवा निधी बऱ्यापैकी वापरून किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जे तयार झालं ते शोधकर्ते आणि संस्था यांच्या संयुक्त मालकीचं, आणि संस्थेचं काही न वापरता, अभ्यासक्रमाबाहेर केलेलं सगळं तुमचं. भानगड होते ती अर्धं आधी केलेलं आणि अर्धं आत आल्यावर केलेलं याची. भाड्याने घर घेताना आपण मीटरचं रीडिंग लिहून घेतो ना, तसं आत जाताना तुमच्याकडे काय तयार होतं त्याची यादी कराराला जोडा. सर्किटचे ड्रॉइंग, कोडची तारीख, प्रोव्हिजनलचा नंबर, ट्रायलचा डेटा, सगळं. आणि "वापर" म्हणजे काय हे विचारा. पैसे भरून लॅब वापरली तर तो वापर धरायचा का? माझ्या मते धरू नये, पण माझं मत कामाचं नाही, करारात लिहिलेलं कामाचं.

तिसरी गोष्ट तारखा. ग्रँट टप्प्याटप्प्याने येते, ठरलेलं काम झालं की पुढचा हप्ता. आता रब्बीचा कांदा उन्हाळ्यात चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत बाहेर निघतो. ग्रँटचा पहिला हप्ता डिसेंबरात आला आणि टप्प्यात लिहिलंय की तीन महिन्यांत २० चाळीत ट्रायल, तर ट्रायल घेणार कशावर, रिकाम्या चाळीवर? टप्पे लिहिताना मॅनेजरच्या टेम्प्लेटमधले महिने जसेच्या तसे उचलू नका, तुमच्या कामाचा हंगाम बघून लिहा. शेतीवाल्यांना हे लागतं तसंच हॉस्पिटलमध्ये ट्रायल करणाऱ्यांनाही, तिथे एथिक्स कमिटीची परवानगी यायला लागणारा वेळ धरावा लागतो.

आत गेल्यावर

ग्रँटसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. बिल कंपनीच्याच नावाने घ्या, अर्ज वैयक्तिक असेल तर कोणाच्या नावाने चालेल ते आधी विचारून घ्या. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, मागतील तेव्हा सीए प्रत्येक बिल बघणार आणि तुमच्या यूपीआयवरून घेतलेल्या सोल्डरिंग गनचा फोटो दाखवून भागत नाही. बजेटमधल्या एका हेडचे (खर्चाच्या प्रकाराचे) पैसे दुसऱ्या हेडवर खर्च करायचे असतील तर आधी मेलवर परवानगी, मग खर्च.

मेंटॉरची यादी लांबलचक असते, त्यातले निम्मे फक्त उद्घाटनाला येतात. त्यांच्याकडे "मार्गदर्शन करा" म्हणून जाऊ नका, एक अडलेला प्रश्न घेऊन जा. आणि लॅबच्या टेक्निशियनशी चांगलं वागा, हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये. मशीनचा स्लॉट रद्द झाला की पहिला फोन कोणाला करायचा हे तोच ठरवतो.

बाहेर पडताना

मुदत संपत आली की दोनतीन महिने आधीपासून लागा. कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता इन्क्युबेटरचा असेल तर तो बदलावा लागणार, बदलल्यापासून ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे आयएनसी-२२ फॉर्म भरायचा असतो, आणि जीएसटी, बँक, डीपीआयआयटी सगळीकडे नवा पत्ता द्यायचा. नाहीतर खात्याची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि रिसेप्शनच्या ट्रेमध्ये पडून राहते. ग्रँटचा शेवटचा हिशोब मंजूर झाल्याचं पत्र, नो ड्यूज, कॅम्पसवर ठेवलेल्या तुमच्या उपकरणांची यादी आणि ती नेण्याचा गेटपास, कारण ग्रँटमधून घेतलेली वस्तू कोणाची यावर करारात काय लिहिलंय त्यावर सिक्युरिटी तुम्हाला सोडणार की नाही ते ठरतं. संयुक्त मालकीचं पेटंट असेल तर ते वापरायचा लायसन्स करार बाहेर पडायच्या आधीच करून घ्या. धोरणात रॉयल्टीचा पल्ला विक्री किमतीच्या १ ते ४ टक्के असा सुचवलेला आहे, त्या ऐवजी तेवढे शेअर असाही पर्याय आहे. बोलणी आत असतानाच उरकतात, बाहेर पडल्यावर तुमची फाइल कोणाच्या टेबलवर आहे हे शोधण्यातच सहा महिने जातात.